बिनकाळजाचं घड्याळ

वेळ काय, कुणालाही कळते. ती उत्तम घड्याळात पाहण्याची योग्यता मात्र फार थोड्यांच्या ठायी असते. सॅक्सनीच्या डोंगरातल्या एका गावात एकेहार्ट नेस्टलर अशा योग्य लोकांसाठी हातानं घड्याळं बनवी. वर्षाला नऊ. (दहावं सहज जमलं असतं, पण मग नऊ जणांचा मान काय राहिला असता?) आतले, जन्मात कुणाला न दिसणारे भाग तो सर्वांत जास्त घासून चकाकवी. खरी प्रतिष्ठा तिथंच असते.

एका सकाळी खण आवरताना त्याच्या बायकोला, गुड्रुनला, एक इवलंसं चक्र सापडलं.

"एकेहार्ट, हे कशातलं रे?"

एकेहार्टनं डोळ्याला भिंग लावून चक्र उलटसुलट पाहिलं. ते घड्याळाचं काळीज होतं. ते झुललं नाही तर काटे जागचे हलत नाहीत. हँबुर्गच्या ब्रोडरसेनसाहेबांचं घड्याळ शेवटची चकाकी द्यायला त्यानं उघडलं होतं, आणि हे परत बसवायचं राहूनच गेलं होतं. घड्याळ जाऊन दोन वर्षं झाली होती.

"त्यांनी तक्रार नाही केली?"

"नाताळात फोन आला होता. म्हणाले, काय अचूकता!"

"मग गप्प बस ना."

"गुड्रुन, त्यावर माझं नाव कोरलंय!"

दोघं हँबुर्गला गेली. साहेबांनी कॉफी आणि केक पुढं केला, सगळं ऐकून घेतलं, मनगटाकडे पाहिलं आणि लालबुंद झाले.

"म्हणजे दोन वर्षं हे बंद आहे?"

"चूक माझी. द्या इकडे, आत्ता बसवून देतो."

"आणि बाकीच्यांची?"

"चालतात सगळी."

साहेबांनी पुन्हा मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे असं जगात माझ्या एकट्याकडेच?" आणि त्यांनी हात पाठीमागं लपवला. "खबरदार, हात लावाल तर!"

परतीच्या गाडीत एकेहार्ट खिडकीबाहेर पाहत डोळे पुसत होता.

"अरे, माणूस खूश आहे. रडतोस काय?"

"खूश आहे म्हणूनच."

साहेबांनी ही गोष्ट क्लबात सांगितली. महिन्याभरात 'स्थिर आवृत्ती'ला मागणी आली, आणि चालणारं घड्याळ मागणारं कुणी उरलंच नाही. एकेहार्टनं आधी साफ नकार दिला, मग होकार. कारागिरीत तडजोड मात्र केली नाही: चक्राची रिकामी जागासुद्धा तो मन लावून चकाकवी.

एकदा त्याला राहवलं नाही. स्टुटगार्टच्या एका बाईंच्या घड्याळात त्यानं गुपचूप चक्र बसवलं. आठवड्यात घड्याळ परत. बाई फोनवर म्हणाल्या, "आत काहीतरी टिकटिकतंय हो. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

त्यानं माफी मागितली. चिमट्यानं चक्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि हळूच फुंकर घातली. ते थोडं फिरलं, थांबलं. गुड्रुननं कॉफी आणून ठेवली.

घड्याळाची किंमत इथे मुद्दामच दिलेली नाही. दिली असती, तर आत्तापर्यंत हसणारे वाचक एकदम गंभीर झाले असते. आणि निम्म्यांनी तरी हळूच विचारलं असतं, नंबर कधी लागेल?