ओढ्यातली अतिशयोक्ती

हिंगोली जिल्ह्यातल्या एका कचेरीत 'आमच्या गावात कुत्र्यांचं राज्य आलं आहे' असा तक्रार अर्ज आला आणि त्याची रीतसर चौकशी झाली. निवडणूक शाखेने लेखी कळवलं की, सदर गावी असा सत्तापालट झाल्याची नोंद नाही. अर्जदार खोटारडा ठरला. वेळेचा असा अपव्यय पुन्हा होऊ नये म्हणून साहेबांनी परिपत्रक काढलं : यापुढे तक्रारीत अलंकार आढळल्यास अर्ज परत केला जाईल.

आता अलंकार ओळखायचा कोणी? मग शाळेवरून मराठीच्या तातेराव गुरुजींना उचललं. गुरुजींनी आजवर माणसं मोजली, मतं मोजली, म्हशीसुद्धा मोजल्या. पण सरकारने त्यांना त्यांच्याच विषयाचं काम देण्याची ही पहिलीच वेळ. गडी हरखून गेला हो! तिकडे मराठीचा तास बंद पडला तो पडला, पण इकडे टेबलावर पाटी आली : 'अलंकार तपासणी अधिकारी'. वर्गात पोरं जांभया द्यायची. इथे मोठमोठी माणसं हात जोडून उभी राहायची आणि गुरुजी त्यांच्या गाऱ्हाण्यातली उपमा शोधून तिला लाल पेनाने गोल करायचे.

रूपाबाई आली ती पुलासाठी. तिचा तांडा आणि शाळा यांच्या मधे ओढा, ओढ्यावर बाभळीचं एक खोड आडवं टाकलेलं, आणि त्या खोडावरून तिची नात पूजा रोज शाळेत जायची. पहिला अर्ज नातीनेच लिहून दिला होता. त्यात ओढा राक्षसासारखा फुगत होता. गुरुजींनी उपमा पकडून तो परत केला. दुसऱ्या अर्जात ओढा लेकरं गिळायला टपून बसला होता. त्यात चेतनगुणोक्ती निघाली. पोरगीचा अभ्यास चांगला आहे, असं गुरुजींनी कौतुक मात्र केलं. तिसऱ्या खेपेला बाई शहाणी झाली. अर्जात एकच ओळ : ओढ्यावर पूल नाही.

गुरुजींनी ती ओळ उलटसुलट वाचली. अलंकार नव्हता. पण समाधानही होईना.

"मावशी, हे नुसतं विधान झालं. यात तक्रार कुठं आहे? तुम्हाला काय वाटतं ते यायला पाहिजे."

"काय वाटंल? लेकरू घरी येईस्तोवर जीव टांगणीला लागतो."

"बघा. पुन्हा आलंकारिक."

 मग रूपाबाईने गुरुजींनाच तांड्यावर यायचं आवतण दिलं. जे दिसेल ते तुमच्याच हाताने लिहा म्हणाली. स्थळपाहणी म्हटल्यावर गुरुजी कशाला नाही म्हणतील?

गेले. आदल्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झालेला, ओढा काठोकाठ. पायात चामडी बूट, काखेत फाईल, अशा थाटात गुरुजी खोडावर चढले आणि मध्यावर जाऊन घसरले. फाईल वाहून गेली. गुरुजींच्या हाती एक फांदी लागली म्हणून बरं, नाहीतर तेही फाईलच्या मागोमाग गेले असते.

"मेलो! मेलो गं मावशे!"

रूपाबाईने गाईचं दावं सोडून आणलं होतं. पण ते फेकायच्या आधी तिने काठावरून शांतपणे विचारलं, "बराबर सांगा गुरुजी. खरंच मेले, का अतिशयोक्ती करून राहिले?"

गुरुजींच्या नाकातोंडात पाणी. तरी सवय ती सवय. "अतिशयोक्तीच," ते कसंबसं म्हणाले, "पण वढ गं माय."

बाईने ओढलं. काठावर निथळत बसलेल्या गुरुजींना त्या दिवशी लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. हिची नात यावरून रोज जाते, आणि आपण तिच्या भीतीला लाल गोल करत बसलो.

त्याच संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला. पाण्याने पाय कसा खेचला, काळ कसा समोर उभा राहिला, अंगाचं कसं पाणी पाणी झालं, सगळं. साहेब तोवर गुरुजींकडूनच अलंकार शिकून तयार झाले होते. त्यांनी अहवालावर लाल गोल केले आणि समासात लिहिलं : आपणही? मग गुरुजींनी सगळं खोडून एकच ओळ ठेवली : मी ओढ्यात पडलो. शेरा आला : विधान. तक्रार आढळत नाही. प्रकरण बंद.

रूपाबाईला मात्र छापील उत्तर गेलं : 'पुलाचे काम प्रगतिपथावर आहे.' ती कागद घेऊन गुरुजींकडे आली आणि यात कोणता अलंकार, म्हणून विचारू लागली. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. परिपत्रक फक्त अर्जांना लागू आहे, एवढंच ते खालच्या आवाजात म्हणाले.

आता हे वाचताना तुमच्याही मनात आलंच असेल, की लिहिणाऱ्याने जरा जास्तच ताणलं. शाब्बास. अतिशयोक्ती अलंकार. उत्तर बरोबर आहे, दोन गुण घ्या. पूजा आज सकाळीही त्याच खोडावरून शाळेत गेली.