फ्राइड राइसचे ग्रेडर

शिजलेल्या भाताचे एक शीत दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हलकेच ओढून पाहणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आर्वीतील आमचे शेजारी गुणवंतराव भोयर. शीत तुटले की ते त्याची तुटलेली कड उजेडाकडे धरतात, नंतर ते जुन्या छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवतात आणि चष्मा कपाळावर चढवून निकाल देतात, "ओलावा जास्त हाय. माल परत."

या वागण्याचे कारण प्रथम सांगणे योग्य होईल. गुणवंतराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतील कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा मूठभर कापूस उपसून त्यातील ओलावा, कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि काडीकचरा पाहायचा, धागा ओढून त्याची लांबी ठरवायची, हे काम त्यांनी तीसेक वर्षे केले. नोकरी संपली, निकाल देण्याची सवय मात्र संपली नाही. नळाचे पाणी, भाचीला सांगून आलेला मुलगा, नवा रस्ता, सगळ्यांना त्यांच्याकडून पास तरी व्हावे लागते, नाहीतर परत तरी जावे लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनातील माझ्या भाषणावर त्यांनी मला फाटकापाशी गाठून अभिप्राय दिला होता, "धागा लांब हाय सर, पण मंधात कवडी लय हाय." मी ते भाषण पुन्हा वाचले. कवडी होती.

असा हा मनुष्य पासष्टाव्या वर्षापर्यंत स्वयंपाकघरात केवळ पाणी प्यायला जात असे. पुढे त्यांच्या पत्नीच्या, कमलवहिनींच्या, हृदयाचे दुखणे निघाले, पायांवर सूज चढू लागली, आणि डॉक्टरांनी त्यांचे मीठ जवळजवळ बंद केले. ठेचा, लोणचे आणि पापड यांवर आयुष्य काढलेल्या वहिनींना घास उतरेना. ताटे जशीच्या तशी परत येऊ लागली. बांगड्या सैल होऊन कोपराकडे घसरू लागल्या. सून वर्ध्याहून येऊन निरनिराळे पदार्थ करून गेली, मुलाने समजावले, मी अन्नघटकांविषयी माहिती सांगितली. उपयोग झाला नाही. अशा दोन महिन्यांनंतर एके दुपारी वहिनी सहज म्हणाल्या की पुतण्याच्या लग्नात खाल्ला होता, तसा फ्राइड राइस मिळाला तर खाईन. दोन महिन्यांत त्यांनी नाव घेऊन मागितलेला तो पहिला पदार्थ होता. दुसऱ्या दिवशी गुणवंतराव लोखंडी कढई घेऊन आले.

फ्राइड राइसचे तत्त्व साधे आहे. भात आदल्या दिवशीचा आणि गार असावा, म्हणजे ओलावा कमी होऊन शिते एकमेकांना चिकटत नाहीत. आच मोठी असावी आणि कढईत एका वेळी थोडाच भात घालावा, नाहीतर तो भाजला न जाता वाफेवर उकडतो. हे मी त्यांना व्यवस्थित समजावले होते. परंतु ओलावा म्हटल्यावर गुणवंतरावांच्या अंगात केंद्र संचारले. ओल्या कापसाचे जे करतात तेच त्यांनी भाताचे केले: गच्चीवर धोतर पसरून दोन किलो भात उन्हात घातला आणि दर अर्ध्या तासाने तो स्वतः पालटला. संध्याकाळी त्या भाताचा आवाज येऊ लागला. कढईत पडल्यावर तर तो गारपिटीसारखा वाजला. वहिनी अंथरुणातून म्हणाल्या, "अहो, भात करून राह्यले का पत्र्यावर गोटे टाकून राह्यले?" गुणवंतरावांनी एक शीत दाताखाली धरून पाहिले आणि गंभीरपणे निकाल दिला की ओलावा पास आहे, पण माल दळायला लागेल.

खरी अडचण चवीची होती. मीठ नाही. काळ्या सॉसमध्येही मीठच, म्हणून तोही नाही. बसस्थानकाजवळच्या चायनीजच्या गाडीवर जाऊन त्यांनी विचारले की मीठ आणि सॉस दोन्ही वगळून फ्राइड राइस कसा करतात. गाडीवाल्याने सांगितले की काका, त्याले भात म्हणतात.

गुणवंतराव खचले नाहीत. त्यांनी वही केली. दर रविवारी सकाळी गल्लीतील पाच घरी वाटीभर फ्राइड राइस जाऊ लागला आणि पाठोपाठ अभिप्राय नोंदवण्यासाठी स्वतः गुणवंतराव. पाचही घरांतून एकच अभिप्राय येई, मीठ कमी आहे. यावर ते चिडत. "मिठाचं नाव काढू नका. त्याच्याबिगर काय कमी हाय, थे सांगा." हळूहळू आम्ही तसे खायला शिकलो. समोरच्या बाईंनी लसूण जास्त परतायला सांगितले. मी मिरपूड शेवटी घालायला सुचवले, कारण मोठ्या आचेवर तिचा वास उडून जातो. रंगासाठी त्यांनी कांदा काळपट होईपर्यंत भाजला. पहिल्या खेपेस तो इतका भाजला की शेजारच्या दोघी बादल्या घेऊन धावल्या. लिंबू कढई उतरवल्यावर, आल्याचा कीस तेलात, कांद्याची पात अगदी शेवटी. वहीत प्रत्येक रविवारपुढे एकच आकडा असे: वहिनींनी खाल्लेले घास. चार. सहा. तीन. सात.

हिवाळ्यात बाजारात ओला लसूण आला. तो पातीसकट चिरून घातलेला फ्राइड राइस वहिनींनी संपवला आणि ताट पुढे केले. "अजून थोडा वाढा," एवढेच त्या म्हणाल्या. गुणवंतराव पाठ फिरवून बराच वेळ झारा शोधत राहिले. झारा त्यांच्या हातातच होता. त्यानंतर आठवड्यातून दोनदा हा बेत होऊ लागला, त्यासोबत भाजी-पोळीही जाऊ लागली, आणि बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे समुद्रपूरला एका लग्नाला गेलो होतो. प्रवास झेपत नाही म्हणून वहिनी घरीच होत्या. पंगतीऐवजी टेबले मांडली होती आणि त्यांत एक फ्राइड राइसचेही होते. आता तेथे कोणाचा माल परत जातो हे पाहण्यास मी उत्सुक होतो. परंतु गुणवंतराव त्या टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांनी आचाऱ्याला विनंती करून बिनमिठाचा पांढरा भात आणि साधे दही मागून घेतले. मला वाटले, यांनाही डॉक्टरांनी काही सांगितले असावे. तसे नव्हते. मग मी म्हणालो की वहिनी इथे नाहीत, एक दिवस मीठ खाल्ले तर काय बिघडेल.

"बिघडते ना सर," ते म्हणाले. "ती म्हणते, चांगला झाला. थे खरंच म्हणते, का मले बरं वाटावं म्हणून म्हणते, हे मले कसं समजन? तिची जीभ जशी झाली हाय तशी माही पाह्यजे. एक दिवस मीठ खाल्लं का आठ दिवस अंदाज चुकते."

किती दिवसांपासून असे चालले आहे, असे मी विचारले. दोन वर्षे झाली, ते म्हणाले. वहिनींना हे ठाऊक आहे का, असेही विचारले.

"नाई. तिले सांगू नका बरं. समजलं का मीठ खात जा, म्हणून मांगं लागन. तिच्यासमोर जेवाले बसलो का मी मिठाची डबी उघडतो, दोन बोटं घालतो, भातावर झटकतो." त्यांनी ताटावर दोन बोटे झटकून दाखवली. "डबी रिकामी हाय."

मग मान खाली घालून ते तो पांढरा भात सावकाश जेवू लागले.