जाड तिरप्या टायपाची सांगलीवरील मोहीम

श्री. शाई वाळण्याआधीच सत्य लिहून ठेवावे, नाहीतर मागाहून जो तो आपलीच फुशारकी मिरवील, ऐसे मनी आणून ही हकीकत सादर केली असे.

शके अठराशे अडुसष्ट, वैशाख मासी, शिराळा प्रांतीचे राजश्री लालासाहेब यांची कन्या मनुबाई हिचे लग्न ठरले आणि पत्रिका छापावयास सांगलीस अण्णाप्पा छापखानेवाले यांजकडे स्वारी निघाली. अण्णाप्पांचे पदरी नवा टाईप दाखल जाहला होता. काय त्याची ऐट वर्णावी! अंगाने जाड, रंगाने काळाकुट्ट, टोकांस मिशांना पीळ भरल्यासारखे आकडे, आणि सरळ उभा राहील तर शपथ! बाकी अक्षरे कचेरीतल्या कारकुनांसारखी ताठ बसत. हा मात्र सदा पुढे झुकलेला, कोठे निघालाय कोण जाणे. ज्याचे नाव त्यात बसे, त्यावर तमाम रयतेची नजर आधी जाई. परंतु त्याचे शिशाचे खिळे थोडके, एक ओळ भरेल इतकेच.

हे कळावयाचा अवकाश, लालासाहेबांचे धाकटे बंधू दादासो यांनी फर्मान सोडिले की घराचा कारभार आम्ही पाहतो, सबब ओळ आमची. मग वधूचे मामा नाथाजी सुभेदार, नुकतेच लढाईवरून परतलेले, खवळले आणि जबाब धाडिला की असली तिरपी अक्षरे आम्ही खासा इटलीत दुकानांच्या पाट्यांवर पाहिली, सबब हक्क आमचा. ओळ न मिळाल्यास मांडवात पाऊल ठेवणार नाही. अरे देवा! मामा नाही तर मुलगी बोहल्यावर आणणार कोण? लालासाहेबांचे तोंडचे पाणी पळाले, मनुबाईने हळदीआधीच रडून डोळे सुजविले, आणि मसलती होऊन चहाची पातेली रिती जाहली, मग आणखी मसलती जाहल्या, पण तह काही होईना.

अखेर वधूची मातुश्री साळूबाई, नाथाजींची थोरली बहीण, पदर खोचून सर्व्हिस मोटारीने सांगलीवर चालून गेली. छापखान्यात दोन्ही सरदार बाह्या सरसावून उभे होतेच. तिने पत्रिकेचा कच्चा छाप हाती घेतला. वाचता येत नव्हते, म्हणून सहज विचारिले, "ह्यात माजं नाव कंचं हाय? दावा की."

दोघे सरदार छापावर वाकले. पत्रिकेत आजे होते, चुलते होते, चुलतचुलतेही होते. जिने पोर वाढविली तिचाच पत्ता नव्हता, कारण तैसा रिवाजच नव्हता, आणि कोणाचे ध्यानीही आले नव्हते. अण्णाप्पा आढ्याकडे पाहू लागले. दादासोंनी पटका काढिला आणि पुन्हा घातला. तोफांस न भ्यालेल्या सुभेदारांनी सरसावलेल्या बाह्या खाली घेतल्या आणि हुकूम सुटला, "अण्णाप्पा, ती वळ आक्काची. लावा!"

"लावा, लावा," दादासो म्हणाले, "आमच्या वैनी हायत त्या."

खिळे जुळले, छाप निघाला. साळूबाईने ओल्या शाईवर बोट फिरविले. "ही अशी वाकडी का रं?"

"वाकडी न्हाईत, आक्का. लेकीच्या मांडवाकडं निघाल्यात."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मामांनी मनुबाईस हाती धरून बोहल्यावर आणिले, दादासोंनी पंगतीत जिलब्या वाढिल्या, आणि साळूबाई मांडवाच्या दारी पत्रिका घेऊन उभी राहिली व आल्यागेल्यास त्या काळ्या झुकत्या ओळीवर बोट ठेवून सांगत राहिली, "ही मी."