खांबेट्यांच्या देवघरातला लाल दगड

आमचे खांबेटे वापरलेली टी-बॅग फेकत नाहीत, तिचं विच्छेदन करतात. चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात, कागदी शेपूट कागदात, पिन धातूत. उरलेला दोरा चिमटीत धरून ते विचारात पडतात. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या ऑफिसातली जन्मानं जर्मन माणसंसुद्धा त्यांच्यासमोर चहा प्यायला कचरतात. "आल्झो, नियम म्हणजे नियम," हे त्यांचं अर्धं जर्मन पालुपद. पुण्याहून परतताना विमानतळावर कोणी न विचारता कस्टमवाल्यापुढे मेतकुटाची पुडी सोडून ठेवणारा दुसरा इसम मी तरी पाहिलेला नाही.

अशा माणसाच्या देवघरात चोरीचा माल निघाला.

२००४ साली खांबेट्यांचं बाळ जन्मतःच गेलं आणि मंदावहिनी बोलेनाशा झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना कुठेतरी लांब न्यायचं म्हणून खांबेट्यांनी ऑस्ट्रेलिया काढलं. गाडी चालवायला आणखी एक जण हवा, मी सडाफटिंग, म्हणून मलाही घेतलं. तिथल्या मधल्या लाल माळरानातून आम्ही आठ दिवस गाडी हाकली. पुढचा पेट्रोल पंप किती किलोमीटरवर, एवढंच आम्ही पाहत होतो. ही जमीन कोणाची, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. एका पाणवठ्याशी वहिनींनी मुठीएवढा गुळगुळीत लाल दगड उचलून पर्समध्ये टाकला. मी पाहिलं आणि गप्प बसलो. खांबेट्यांना तो दिसला थेट घरी, देवघरात. रोज आंघोळ, गंध, फूल. वहिनी पुन्हा बोलू लागल्या होत्या, त्यामुळे खांबेट्यांनी नियमांचा विषय काढला नाही.

२००८च्या फेब्रुवारीत टीव्हीवर बातमी आली. तिथल्या सरकारनं मूळच्या लोकांची माफी मागितली होती, पूर्वी सरकारनंच आयांपासून तोडून नेलेल्या त्यांच्या मुलांबद्दल. दुसऱ्याच दिवशी खांबेटे लायब्ररीतून पुस्तकांची चळत घेऊन आले. तिथले लोक कित्येक दगड नि पाणवठे आपल्या पूर्वजांचे मानतात, तिथलं काही जागचं हलवायचं नसतं, हे वाचल्यावर त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. दगड परत पाठवायला हवा, असं त्यांनी वहिनींना सांगितलं.

"देव कोणी पार्सल करतं का?" वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा बोलायच्या थांबल्या.

तीन आठवडे त्या घरात फक्त भांडी वाजत होती. या बाई आता कायमच्याच गप्प होणार, अशी मला भीती वाटायला लागली. त्या बाहेर गेल्या की दगड गुपचूप उचला, असं मी खांबेट्यांना सुचवलं. ते माझ्यावर उखडले.

"एकदा न विचारता उचललाय. आता पुन्हा न विचारता उचलायचा?"

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनी मुकाट्यानं वाढत होत्या. खांबेटे ताटावरून उठले, पुस्तक घेऊन आले आणि त्यातल्या एका म्हातारीची हकिकत मराठीतून सांगू लागले. चार वर्षांची असताना तिला सरकारी माणसांनी गाडीत घालून नेलं. आई धुळीतून गाडीमागे धावत राहिली. पुढे मायलेकींची गाठ पडलीच नाही. वहिनींच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

सोमवारी सकाळी वहिनींनी दगडाला आंघोळ घातली. गंध लावलं नाही. जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून तो त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

त्या भागातल्या मूळच्या लोकांच्या कार्यालयाचा पत्ता खांबेट्यांनी आधीच मिळवून ठेवला होता. पोस्टात मी बरोबर गेलो. खोक्यात ठेवायच्या पत्रावर सहज नजर गेली. 'हा दगड मी उचलला. मला माफ करा.' खाली खांबेट्यांची सही. कुठल्याही फॉर्मवर साधी तारीख चुकीची न घालणाऱ्या माणसानं हे धडधडीत खोटं लिहिलं होतं.

दगड तर वहिनींनी उचलला होता, असं मी हळूच म्हणालो.

खांबेट्यांनी पत्र आत ठेवलं, खोक्याला चिकटपट्टी लावली, आणि ती बोटानं दाबून बसवली.

"तिला रोज कुणाला तरी आंघोळ घालायची होती रे," ते म्हणाले. "त्याला चोरी कसं लिहू?"