मोहासुर वाचला त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, मोहाला कुणीही बळी पडत नसे. वाघ पडत नसे, ससा पडत नसे, म्हैससुद्धा पडत नसे. इतकं सज्जन जंगल तुम्ही पाहिलं नसेल. मीही पाहिलेलं नाही. पण ऐका.

त्या जंगलातल्या टेकडीवर मोहासुर नावाचा असुर राहायचा. देवांनी त्याला एकच काम नेमून दिलं होतं. वर्षातून एकदा खाली उतरायचं आणि प्रत्येक प्राण्याला मोह घालायचा. जो 'हो' म्हणेल त्याने जन्मभर मोहासुराच्या गुहेत झाडलोट करायची. जो 'नको' म्हणेल तो सुटला.

पूर्वी म्हणे फार वाईट दिवस होते. मोहासुर न सांगता यायचा आणि अस्वलासमोर मधाचं पोळं धरायचा. अस्वल घामाघूम व्हायचं, रडायचं, स्वतःचाच पंजा चावायचं. कधी 'नको' न म्हणताच पळून वाचायचं, कधी गुहेत जायचं. जंगलाला हे गैरसोयीचं वाटू लागलं.

मग एक समिती नेमली. मोहनिग्रह समिती. अध्यक्ष दंतोबा हत्ती, चिटणीस घोरपड. घोरपडीने एकदा धरलं की ती सोडत नाही, म्हणून चिटणीसपद अकरा वर्षं तिच्याकडेच होतं. जंगलाची पोथीही तिच्याकडेच होती. ती पोथीवर झोपायची.

समितीने एक साधी सुधारणा केली. अर्ज. 'मला पुढील गोष्टीचा मोह दाखवावा' असं पळसाच्या पानावर लिहून पंधरा दिवस आधी द्यायचं. म्हणजे मोहासुरालाही तयारीला बरं.

वाघाने लिहिलं, गवत.

सशाने लिहिलं, हरणाचं मांस.

सापाने जोडे लिहिले. चामड्याचे, एक जोड. म्हशीने साबण लिहिला. अस्वलाने बराच वेळ डोकं खाजवून 'भूमिती' असं लिहिलं. भूमिती म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. त्यामुळेच तर धोका कमी होता.

मग सोहळ्याच्या दिवशी वडाखाली पंगत बसायची. मोहासुर ताट घेऊन एकेकापाशी यायचा.

"घ्या ना वाघोबा, कोवळं आहे."

"नको."

"चार काड्या तरी."

"नको हो, खरंच नको."

"माझ्यासाठी!"

"नको!"

तीनदा 'नको' झालं की टाळ्या. मग शाल, नारळ आणि मानपत्र. घोरपड घसा साफ करून वाचायची, "ज्यांनी भर तारुण्यातही गवताला कधी स्पर्श केला नाही..." वाघाचे डोळे दरवर्षी पाणावायचे.

मुलांनो, हसू नका. वाघाकडे अकरा शाली होत्या. तुमच्याकडे किती आहेत?

त्या वर्षी ऊन फार कडक पडलं. ओढा आटला. सगळ्या जंगलात पाणी उरलं ते एका डोहात. त्या डोहाच्या काठी पूर्णा नावाची पाणमांजर आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहायची. पाणमांजरीला पाणी म्हणजे घर, रस्ता आणि स्वयंपाकघर. पूर्णा सोहळ्याला कधी जात नसे. तिला वेळ नसायचा. अर्जसुद्धा तिने कधी भरला नव्हता, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

तर त्या वर्षीची पंगत झाली. सगळे सगळ्याला नको म्हणाले. टाळ्या झाल्या. पण मोहासुर नेहमीसारखा टेकडीवर परत गेला नाही. रिकामी न झालेली ताटं पुढे ठेवून तो तोंड पाडून बसला.

"काय झालं?" दंतोबाने विचारलं.

"काही नाही."

"अहो, सांगा तरी."

"काय सांगायचं? अकरा वर्षं उन्हातान्हात येतोय. गवत निवडून आणतो. सापाला पाय नाहीत, तरी अंदाजाने माप घेऊन जोडे शिवून घेतो. भूमिती शोधायला कुठे कुठे फिरलो ते माझं मला माहीत. आणि तुम्ही कुणी हातसुद्धा लावत नाही. परक्याशी तरी असं वागतात का?"

पंगत ओशाळली. सापाने जोड्यांकडे पाहून मान खाली घातली.

कारण त्या जंगलाची एक जुनी रीत होती. कुणी आग्रह केला की तीनदा नको म्हणायचं, आणि चौथ्यांदा त्याचं मन राखायला थोडंसं घ्यायचं. मोहासुराच्या बाबतीत ही चौथी पायरी राहूनच गेली होती. अकरा वर्षं!

"आमचं चुकलंच," दंतोबा म्हणाला. "आता तुमच्या समाधानासाठी आम्ही काय करू?"

"छे, छे. मला काही नको." मोहासुराने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "डोह चालेल."

"डोह?"

"एवढासा तर आहे."

"पण पाणी तेवढंच..." वाघाने सुरुवात केली.

"वाघोबा!" घोरपड कुजबुजली. "त्यांना काय वाटेल!"

"मी काही पाणी बंद करणार नाही," मोहासुर म्हणाला. "मागेल त्याला देईन. फक्त मागावं लागेल."

"बघा, किती साधा माणूस आहे," दंतोबा सगळ्यांना म्हणाला. खरं तर तो माणूस नव्हता, पण भारावल्यावर असं होतं.

एकच अडचण निघाली. पोथीत लिहिलं होतं की जागा असुराला द्यायची तर तिथे राहणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणायला हवं. म्हणून पूर्णाला बोलावणं गेलं. ती ओल्या मिशांनी तशीच आली. पिल्लं मागोमाग आली.

"पूर्णाबाई, डोह मोहासुरांना द्यायचं ठरतंय," दंतोबा म्हणाला. "तुम्ही एक हो म्हणून टाका, म्हणजे आभार मानू आणि चहा घेऊ."

"नको," पूर्णा म्हणाली.

घोरपडीने बोरू उचलला. "कितीदा?"

"कितीदा काय? एकदा."

"एकदा धरत नाहीत. आणि तुझा अर्ज कुठाय?"

"कसला अर्ज? अगं, माझी पोरं राहतात तिथे! आणि तुम्ही सगळे तिथेच पाणी पिता ना? वाघोबा, तुम्ही तर आज सकाळीच येऊन गेलात!"

वाघ शालीची घडी नीट करू लागला.

"बाई, व्यासपीठावर वैयक्तिक बोलायचं नाही," दंतोबा म्हणाला.

"थांबा, थांबा," मोहासुर उठला. "ताईंशी मी दोन शब्द बोलतो."

तो तिला करवंदीच्या जाळीमागे घेऊन गेला. तिथे पंगत नव्हती, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पिल्लं मात्र तिच्या शेपटीला धरून आली होती.

"ताई," मोहासुर हळू आवाजात म्हणाला, "डोह माझा होऊ दे. पण खडकाखालचा कोपरा, जिथे मासे साचतात, तो तुझा. कायमचा. तुझ्या पोरांचा, त्यांच्या पोरांचा. ओढा आटो, जंगल करपो, त्या कोपऱ्यात पाणी राहणारच. कुणाला सांगायचं नाही. फक्त हो म्हण."

मुलांनो, आता जरा गप्प बसा. अकरा वर्षांत त्या जंगलात पहिल्यांदाच कुणालातरी खरोखर हवी असलेली गोष्ट दाखवली जात होती.

पूर्णाला तो कोपरा दिसला. तिथलं गार पाणी दिसलं. धाकटं पिल्लू नुकतंच बुडी मारायला शिकलं होतं. ते त्या पाण्यात गिरकी घेताना दिसलं.

"आणि बाकीचे?" तिने विचारलं.

"मागतील. मी देईन."

"बदल्यात काय घेशील?"

मोहासुर आपली नखं बघू लागला. "ते नंतरचं. तुला त्याचं काय? तुझा कोपरा पक्का."

पूर्णाला तो कोपरा हवा होता. फार हवा होता. हो म्हणायला तिने तोंडसुद्धा उघडलं. मग तिने धाकट्याला पोटाशी ओढलं आणि डोळे मिटले.

"नको," ती म्हणाली.

एकदाच. आवाज चिरकला होता. त्याला कुणी मानपत्र दिलं नसतं.

मोहासुराच्या शेपटीतून धूर निघाला.

"अगं, हे काय केलंस!" तो किंचाळला. "हवं होतं ना तुला? मग त्यालाच नको म्हणालीस? असं म्हटलं की माझी राख होते! पोथीत आहे! शेवटच्या पानावर!"

शेवटचं पान कुणी वाचलेलं नव्हतं. तिथे आभारप्रदर्शन असेल असं सगळ्यांना वाटायचं.

मोहासुर पेटलेल्या शेपटीनिशी पंगतीत धावत आला. एकच गोंधळ उडाला.

"मोहासुर जळतायत!"

"बरं झालं की," अस्वल म्हणालं. ते साधं होतं. "जळू दे. मग मोहच संपला."

"मूर्खा!" दंतोबा गरजला. "मग पुढच्या वर्षी नको कुणाला म्हणायचं? तुझ्या भूमितीचं काय?"

हे अस्वलाला लागलं. सगळ्यांनाच लागलं. वाघाला आपली बारावी शाल डोळ्यांसमोर दिसली.

"पाणी आणा!" घोरपड ओरडली.

अख्खं जंगल डोहाकडे धावलं. दंतोबाने सोंडेने पाणी उपसलं. वाघाने शाली भिजवून आणल्या, अकराच्या अकरा. सापाने जोड्यांतून पाणी वाहिलं. जोड्यांचा तेवढा एक उपयोग झाला. आग कंबरेपर्यंत चढली होती.

"थांबा!" पूर्णा त्यांच्या पायांत पायांत धावत होती. "अहो, थोडा वेळ थांबा! तो संपतोय! पाणी राहू द्या, तो संपतोय!"

"बाई, मदत करायची नसेल तर निदान बाजूला व्हा," म्हैस म्हणाली आणि डोहाच्या तळाचा शेवटचा चिखल तिने मोहासुराच्या पाठीवर थापला.

आग विझली.

मोहासुर वाचला. शेपूट तेवढी गेली. त्याला लगेच शाल पांघरली, नारळ दिला. घोरपडीने उभ्या उभ्या मानपत्र रचलं. "ज्यांनी आपल्या शेपटीची पर्वा न करता आमच्या सदाचाराची अखंड सेवा केली..."

डोहाच्या तळाला दोन मासे तडफडत होते. मग तेही थांबले.

घोरपड पूर्णाकडे वळली. "तुझ्यावर ठपका ठेवलाय. नियमबाह्य निग्रह. अर्ज नाही, साक्षीदार नाहीत, तीनदा नाही. आणि वर हव्या असलेल्या वस्तूला नकार! पुढच्या वर्षी नीट अर्ज भर."

"काय लिहू त्यात?"

"जे नको असेल ते. एवढं काय अवघड आहे?"

पूर्णाने धाकट्याला तोंडात धरलं, थोरल्याला पुढे घातलं आणि ती कोरड्या ओढ्यातून खालच्या अंगाला निघाली. खाली कुठे पाणी होतं की नव्हतं, तिला माहीत नव्हतं.

इकडे ऊन तापत होतं. इतकी धावपळ झाल्यावर सगळ्यांना तहान लागली. ते डोहापाशी गेले, डोहात बघितलं आणि परत वडाखाली आले.

"पाणी हवंय का?" मोहासुराने कान पुसत विचारलं. "टेकडीमागे माझं एक झाकून ठेवलेलं टाकं आहे. हवं तेवढं प्या. माझ्या गुहेत झाडलोट करायची, बस्स. जन्मभर."

अर्ज नव्हता. पंधरा दिवस नव्हते. हवीच असलेली गोष्ट कुणी समोर धरली तर काय म्हणायचं, याचा सराव कुणालाच नव्हता.

"चालेल," सगळे म्हणाले. "चालेल. चालेल."

तीनदा. शिस्त होतीच. मग टाळ्याही झाल्या.

तात्पर्य: मुलांनो, मोहाला जरूर नकार द्यावा, पण आपल्याला नको असलेलीच वस्तू निवडून, आधी कळवून, आणि बघायला पुरेशी मंडळी जमली आहेत याची खात्री करून. हवीहवीशी गोष्ट एकट्याने, मनापासून कधीही नाकारू नये. त्याने असुराला इजा होते, आणि त्याला वाचवता वाचवता सज्जनांचं पाणी संपतं.