ड्रायसूटच्या मानेला तेल

आमच्या भांडारपालांनी शनिवारी सकाळी एवढंच ठरवलं की, बायकोने सांगितलेलं काम या वेळी तिने सांगितलं त्याहून चांगलं करून दाखवायचं. माणसाने नोकरी सोडावी, भावाशी भांडावं, पण असलं काही ठरवू नये.

काम ड्रायसूटचं होतं. गारठलेल्या पाण्यात उतरताना घालायचा हा अंगभर पोशाख. आत थेंब शिरू नये म्हणून मानेला आणि मनगटांना पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या. तलावावरच्या बचाव पथकात जायचं म्हणून बायको चार वर्षं घाम गाळत होती. परीक्षा वर्षातून एकदा, ती या रविवारी. पन्नाशीनंतर कोणाला बसू देत नसत, आणि तिची पन्नाशी दोन महिन्यांवर आली होती.

त्या सूटचे लाड बघून भांडारपालांच्या पोटात दुखायचं. दर वेळी गोड्या पाण्याने अंघोळ, सावलीत वाळणं, जाड हँगर, चेनला मेण, मानेला पावडर. (भांडारपालांची स्वतःची मान गेल्या हिवाळ्यात आठ दिवस आखडली होती. तेव्हा बायकोने मलम कुठल्या खणात आहे ते सांगितलं होतं.) कपाटातली त्यांची बाजूही सूटने बळकावली होती आणि त्यांचे शर्ट खुर्चीच्या पाठीवर राहायला गेले होते.

शुक्रवारी बायकोच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं. तिकडे निघताना बायको दारातून म्हणाली, "चेनला मेण लावा, मानेला पावडर लावा. बाकी काही करू नका. ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. पण बावीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला 'बाकी काही करू नका' म्हणजे भर चौकात अपमान. कुरकुरणारी किंवा कोरडी वस्तू दिसली की त्यांच्या हातात तेलाची कुपी आलीच. सासऱ्यांच्या चाकाच्या खुर्चीला त्यांनी एकदा असं काही तेल घातलं होतं की, म्हातारा शिंकला आणि थेट फाटकाशी पोचला.

चेनला मेण त्यांनी खरंच निगुतीने लावलं. मग मान हातात घेतली. कोरडी, पांढुरकी. पावडर फासून फासून बिचारीची काय दशा केलीये बघा, असं म्हणत त्यांनी शिलाई मशीनचं तेल काढलं आणि मान, मनगटं चांगली चोळली. रविवारी सकाळपर्यंत रबर लोण्यासारखं मऊ झालं. तेलकटपणा दिसू नये म्हणून वरून पावडर मारली. (सांगितलेलं काम राहून गेलं, असं कोणी म्हणायला नको.)

बायको बहिणीकडून परस्पर तलावावर आली. भांडारपाल सूट हातांवर आडवा घेऊन उभेच होते. परीक्षकांनी चेन वरखाली करून पाहिली आणि विचारलं, "ही कोणी राखलीये? उत्तम आहे."

"मी," भांडारपाल म्हणाले. एवढ्यावर थांबायचं होतं. "आणि मानसुद्धा मीच."

बायकोने सूट चढवला. आज डोकं किती सहज गेलं, असं ती म्हणाली आणि जाता जाता तिने त्यांच्या बाहीवरचा दोरा काढून टाकला. असा दोरा तिने कित्येक वर्षांत काढला नव्हता. भांडारपालांचे डोळे भरून आले.

पंधरा मिनिटं पाण्यात राहायचं होतं. चौथ्या मिनिटाला मान फाटली. पथकातल्या दोघांनी तिला ओढून काठावर आणलं तेव्हा सूटच्या दोन्ही पायांत तलाव भरला होता आणि तिचे ओठ निळे पडले होते. परीक्षकांनी पट्टी ओढली, तर ती भिजल्या कागदासारखी हातात आली. त्यांनी वास घेतला. तेलाने हे रबर सडतं, ते म्हणाले. कोणी लावलं, हे विचारायची गरज नव्हती. भांडारपालांनी ते आधीच जाहीर केलं होतं.

साधन बिघडलं म्हणून पुन्हा संधी मिळत नाही, कारण बुडणारा माणूस थांबत नाही. नियम बरोबरच होता.

घरी आल्यावर बायकोने सूट गोड्या पाण्याने धुतला, सावलीत टांगला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं भांडारपालांना मनापासून वाटलं. मंगळवारी ती सूट दुरुस्तीला देऊन आली.

"नवी मान बसवून देतो म्हणाला," ती म्हणाली.

"म्हणजे सगळं ठीक होईल?"

"सूटचं होईल."

सूट परत आला, कपाटात टांगला गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. तिने दार उघडलं की बिजागरी अशी कुरकुरते की भांडारपालांचे दात शिवशिवतात. तेल घालू का, हे तोंडाने विचारायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज लिहून फ्रिजवर लावला. महिना झाला. परवा त्यावर तिचा शेरा आला: पन्नाशीनंतर अर्ज घेतले जात नाहीत.