उमाळकर काकांचं एकोणिसावं प्रकरण

आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता एक इंग्रज बाई किल्ल्यात कोंडली जाते. गढा मोहल्ल्यातल्या बाकी गच्च्यांवर त्या वेळी भजनं चालू असतात. आमच्या शेजारच्या उमाळकर काकांच्या गच्चीवर मात्र ही बाई मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघालेली असते, आणि स्पीकर एवढा मोठा की ती माझ्या चहापर्यंत येऊन पोचते.

जुन्या इंग्रजी गॉथिक कादंबऱ्या. पडका किल्ला, दुष्ट सरदार आणि दर चार पानांनी बेशुद्ध पडणारी नायिका. जगभरचे रिकामटेकडे लोक घरी बसून त्या मोठ्याने वाचतात, एकेक प्रकरण एकेकाने, आणि नेटवर फुकट टाकतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. या कादंबऱ्या मी परीक्षेपुरत्या वाचल्या आणि परीक्षा संपताच विसरलो. काकांचं इंग्रजी नट-बोल्टांच्या मापापलीकडे कधी गेलेलं नाही, आणि तेच मला गच्चीवरून त्या समजावून सांगतात.

काका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर लोकांनी घडवलेल्या मालात खोट काढली. रिटायर झाले, पण सवय काही रिटायर झाली नाही. गच्चीवर टेबल, टेबलावर रजिस्टर, हातात लाल पेन्सिल. प्रकरण, वाचणाऱ्याचं नाव, शेरा, असे रकाने स्वतः पट्टीने आखलेले.

"हा बिना दात घासता वाचून राहिला. रिजेक्ट."

"या बाईच्या मागे कुत्रं भुंकून राहिलं. रिजेक्ट."

कथेलाही सुटका नाही. "सरजी, दोनशे वर्षांपासून दार करकरून राहिलं. त्या सरदाराकडे तेलाची कुपी नाही का? ही मेंटेनन्सची केस आहे, भुताची नाही." नायिका बेशुद्ध पडली की म्हणणार, "नाश्ता करत नाही ना ती, म्हणून." त्यावर स्वतःच हसतात.

मी एकदा इअरफोन आणून दिले. दुसऱ्या दिवशी परत आले. "कानात घालून इन्स्पेक्शन होत नाही, सरजी. माल उजेडात पाहावा लागते." एकदा सुचवलं की कंटाळवाणी प्रकरणं गाळा. तेव्हा काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नापास झालो. "लॉटमधला एकही नग सोडायचा नसते. सोडला तोच नेमका कामाचा निघते." मी खिडकी लावून घेतली.

गेल्या महिन्यात मात्र कहर झाला. एकच प्रकरण, एकोणिसावं, नऊ दिवस रोज वाजलं. त्यात काही घडत नाही. नायिका बग्गीत बसते आणि बाहेरचे डोंगर बघते, बस. वाचणारी बाई तर दिव्यच. घाईघाईत वाचते, मोठे शब्द गिळते, आणि मागे कुकर वाजतो. दहाव्या दिवशी मी पायात चपला सरकवल्या आणि काकांच्या गच्चीवर गेलो.

रजिस्टर उघडंच होतं. एकोणिसाव्या प्रकरणापुढे शेरा, पास. मला आनंद झाला हे कबूल करतो. एवढ्या वर्षांचा इन्स्पेक्टर माझ्या हाती रंगेहाथ सापडला होता.

"काका, हिच्यामागे तीन शिट्ट्या आहेत. कुत्र्याला रिजेक्ट, आणि कुकरला पास?"

काकांनी प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावलं. वाचणारे सुरुवातीला आपलं नाव सांगतात. ते मी नऊ दिवसांत एकदाही नीट ऐकलं नव्हतं. प्रकरण एकोणिसावं, वाचक सरिता उमाळकर.

"आमची सरू," काका म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी काकांच्या या मुलीने लग्नासाठी मुलगा घरी आणला होता. काकांनी त्याला बैठकीत बसवून अर्धा तास पारखलं आणि त्याच्या तोंडावर नापास केलं. सरू त्याच्याशी लग्न करून कॅनडाला निघून गेली. काकू होत्या तोवर आईशी फोनवर बोलायची. काकू गेल्या आणि फोनही थांबला. मग एका भाच्याने सांगितलं, सरूताई तिकडे बसून इंग्रजी भुताटकीची पुस्तकं वाचते. कोणत्या पुस्तकातलं कोणतं प्रकरण, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून काकांनी पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. वाचणाऱ्याचं नाव टाकून शोधलं की त्याची सगळी प्रकरणं समोर येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी कोणाला विचारलंच नाही, आणि सरूच्या तीन प्रकरणांसाठी अकरा किल्ले पालथे घातले. मला त्यांचा राग आला, आणि खिडकी लावून घेतलेल्या माझाही आला.

"इथं ऐका," काका म्हणाले.

तिसरी शिट्टी झाली. सरू क्षणभर थांबली. मागून एक लहान आवाज स्पष्ट आला, "आई, भूक." मग बग्गी पुढे निघाली.

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "सरजी, वाचणाऱ्याला चिठ्ठी पाठवता येते म्हणतात. तुम्ही इंग्रजीत लिहा. माझं नाव नका टाकू."

"काय लिहू?"

काकांनी बराच विचार केला. "लिहा, प्रकरण चांगलं झालं. पण पोराला आधी जेवू घालावं, मग वाचावं. ऐकणारे थांबतील."

इंग्रजी शिकवण्याचा मी पगार घेतो, पण ते वाक्य मला इंग्रजीत करवेना. जसं बोलले तसं मराठीत टाइप केलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मराठीत काहून लिहिलं? ओळखंल ना ती."

काकांचं बोट बटणावर थांबलं. एवढा वेळ त्यांनी कोणत्या मालाला घेतलेला मी पाहिला नव्हता. मग त्यांनी ते दाबलं.

"तिकडं आता किती वाजले असतील?"

"रात्रीचे नऊ-साडेनऊ."

"मग जेवलं असंल ते," काका म्हणाले.